सोमवारचं पाणी

कचरूभाऊंच्या हातात पकड उरलेली नाही, असा शेरा मी स्वतःच्या हाताने लिहिला. चांगल्या अक्षरात, निळ्या शाईत, खाली तारीख घालून. आमच्या कॉलेजात कंत्राटी माणसाचं पुढचं वर्ष विभागप्रमुखाच्या त्या एका ओळीवर अवलंबून असतं. 'काम समाधानकारक' लिहिलं की माणूस राहतो, दुसरं काही लिहिलं की जातो. हे पुरतं ठाऊक असून मी लिहिलं. रागाच्या भरात लिहिलं असंही म्हणता येत नाही, कारण मध्ये माझा चहा पिऊन झाला होता.

मी योगिनी. प्राणिशास्त्र शिकवते, विभागप्रमुखही मीच. माहेर चिखलीचं, नोकरी इकडे, वरवट बकालच्या पलीकडच्या एका कॉलेजात. माझ्या तोंडाला धार आहे हे लहानपणापासून मला कौतुकानेच सांगण्यात आलं, त्यामुळे ती बोथट करावी असं कधी सुचलं नाही. विद्यार्थी घाबरतात, सहकारी टाळतात, आणि काम वेळेवर होतं. कचरूभाऊ मात्र घाबरत नसत. ते आमचे प्रयोगशाळा परिचर. बावन्न वर्षांचे, काटक, पूर्णेकाठच्या एका खारपाणपट्ट्यातल्या गावाहून लुनावर रोज येणारे. त्या पट्ट्यात बोअर मारली की खारं पाणी लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि दर चार घरांमागे एकाची किडनी गेलेली. आम्ही चिखलीकडचे लोक हे पेपरात वाचून हळहळतो. तिकडचे लोक ते पाणी पितात.

पीएच.डी.साठी माझा विषय होता शिंपला. वाण नदीच्या गाळात सापडतो तोच, काळपट, तळहाताएवढा. तो कवच मिटून बसला की सुरीचं टोकही आत जात नाही, आणि असा तो तासन् तास बसू शकतो, जवळजवळ काहीही ताकद खर्च न करता. ही मिठी घालणारा एक जाड स्नायू असतो. चार वर्षं मी त्या एका स्नायूकडे बघत होते. नवरा म्हणायचा, एवढं माझ्याकडे बघितलं असतंस तर.

कचरूभाऊंना त्यात भारी रस. एकदा भांडी धुता धुता त्यांनी विचारलं, "मॅडम, याले सोड म्हनून कोन सांगते?"

"कॅल्शियम सांगतं," मी म्हटलं.

"म्हंजे चुना?"

"तुमच्या तंबाखूतलाच, पण अगदी कणभर. स्नायूत दोन प्रकारचे धागे असतात, भाऊ. कॅल्शियम आलं की एक धागा दुसऱ्याला धरून ओढतो. ते निघून गेलं की सोडतो. आपल्या अंगात कॅल्शियम बसतं पातळ धाग्यावर. शिंपल्यात ते जाड धाग्यावर, मायोसिनवरच जाऊन बसतं. आपल्यात नि त्याच्यात फरक एवढाच."

"अन चुना काढून घेतला तं?"

"तर स्नायू सुटायला पाहिजे."

त्यांनी परीक्षानळी उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "मंग मानूस बी तसाच. कोनी सोड म्हनलं पाहिजे."

माझा प्रयोग एवढाच होता. शिंपल्याच्या स्नायूचे बारीक धागे काढून ग्लिसरीनमध्ये ठेवायचे, मग एकेक धागा आकडीला अडकवून आधी कॅल्शियम असलेल्या पाण्यात बुडवायचा आणि नंतर नसलेल्या. पहिल्यात ताण चढला पाहिजे, दुसऱ्यात उतरला पाहिजे. किती कॅल्शियमला सुटतो, किती वेळात सुटतो, हे आकडे म्हणजे माझा प्रबंध. सगळं काम पाण्यावर होतं. डिस्टिल्ड वॉटर काढायचं एक जुनं यंत्र आमच्याकडे आहे, त्याला सगळे भट्टी म्हणतात. कचरूभाऊंचा त्यावर ठरलेला विनोद होता, की गावोगावच्या भट्टीतून काहीतरी कामाचं निघतं, कॉलेजच्या भट्टीतून नुसतं पाणी. भट्टीच्या कॉइलवर आमच्या नळाच्या पाण्याने पांढरी खपली धरायची आणि दर पंधरा दिवसांनी ते ती खरडून काढायचे.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं त्या आठवड्यात भट्टीची कॉइल जळाली. कचरूभाऊ सांगायला आले तेव्हा मी पेपर तपासत होते. म्हणाले, "मॅडम, भट्टी गेली. नवी कॉइल मांगवा लागते. मागनीपत्र, सही, मंजुरी. महिना तं कुठी गेला नाई."

माझी पीएच.डी.ची नोंदणी एप्रिलअखेर संपत होती. आधीच दोनदा मुदत वाढवून घेतली होती. मी मान वर न करता म्हटलं, "ते मला सांगू नका. दर सोमवारी मला कारबॉय भरलेला पाहिजे म्हणजे पाहिजे. कुठून आणता ते तुम्ही बघा."

"हाव," ते म्हणाले. "मी पायतो."

सोमवारी कारबॉय भरलेला होता. नळ लावलेली ती वीस लिटरची प्लास्टिकची बाटली, गळ्यापर्यंत. पुढच्या सोमवारी पुन्हा. मी समजले भट्टी दुरुस्त झाली. विचारलं नाही. पाण्याची शुद्धता तपासायचं मीटर वर्षभर बंद होतं, आणि त्याचीही मागणी कुठल्या तरी फायलीत पडून होती.

डिसेंबरात माझे धागे सुटेनात.

कॅल्शियम असलेल्या पाण्यात ताण चढायचा तसा चढला. नसलेल्या पाण्यात टाकला, तरी उतरला नाही. थोडा हलला, पुन्हा घट्ट. पंधरा धागे घेतले, वीस घेतले, नवे शिंपले आणवले. तेच. आधी मी वैतागले. मग एका दुपारी डोक्यात उजेड पडला की ही माझी चूक नसेल, हा शोध असेल. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या नदीतला शिंपला. पाणी येईपर्यंत मिटून बसणं हेच त्याचं जगणं. त्याच्या मायोसिनला कॅल्शियम गेल्यावरही सोडू नये असं शिकवलेलं असेल, तर ते जगात कोणी पाहिलेलं नव्हतं. मी अमरावतीला माझ्या मार्गदर्शकांना, शेषराव सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेऊन पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं वापरता?"

"आमच्याच भट्टीचं, सर," मी म्हटलं. इतक्या ठामपणे म्हटलं की त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवशी मी कचरूभाऊंना पेढे दिले. "आपला शिंपला सोडत नाही, भाऊ. कॅल्शियम काढलं तरी सोडत नाही."

"आपला हाय ना," ते म्हणाले. "वऱ्हाडी."

त्यांचे हात बिघडायला लागले ते त्याच सुमारास. आधी ओठांना मुंग्या येतात म्हणाले. मग पायात गोळे. लुनावरून उतरले की पाच मिनिटं भिंतीला धरून उभे. अंग खाजवत राहायचे. बोटं मध्येच आखडायची आणि हातातली वस्तू निसटायची. जानेवारीत तीन बीकर फुटले. मी म्हटलं, "कचरूभाऊ, हाताला लोणी लावून येता का?" ते हसले आणि हात खिशात घातला. त्यानंतर तो हात बराच वेळ खिशातच दिसायचा, आणि मला वाटायचं काय हा रुबाब.

फेब्रुवारीत पहिल्या वर्षाचं रक्तदाबाचं प्रॅक्टिकल होतं. आमच्याकडे ते दर वर्षी कचरूभाऊंच्या दंडावरच होतं. पोरांचे दंड बारीक, आणि मुलींना संकोच. म्हणून स्टुलावर कचरूभाऊ बसतात, पट्टा बांधून घेतात आणि तीस जणांना ओळीने हात देतात. सव्वीस वर्षांत निम्म्या तालुक्याने त्यांचा रक्तदाब मोजलेला. त्या दिवशी अर्पिता नावाच्या मुलीने पट्ट्यात हवा भरली आणि मी तिला मध्येच प्रश्न विचारला. ती उत्तर शोधत राहिली, हवा सोडायची विसरली. तीनेक मिनिटं झाली असतील. कचरूभाऊंचं मनगट हळूहळू आत वळलं. चार बोटं सरळ, एकमेकांना चिकटलेली, अंगठा तळव्यात दुमडलेला. भाजीवर चिमटीने मीठ टाकताना हात होतो तसा. पोरं हसली. एक जण म्हणाला, "भाऊ, वरण अळणी हाय का?"

मीही बघितलं. एम.एस्सी.ला मी यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. दंड आवळल्यावर हात असा मिटतो, तेव्हा रक्तात कॅल्शियम फार कमी झालेलं असतं. नसा बिथरतात, नको तेव्हा स्नायूला हुकूम सोडतात. ते मला पाठ होतं, आकृतीसकट. आणि मी म्हटलं, "कचरूभाऊ, नाटकं पुरे. पोरांचा वेळ जातोय."

त्यांनी दुसऱ्या हाताने बोटं एकेक करून सोडवली. "जमत नाई आता, मॅडम," म्हणाले. "म्हतारं झालो." आणि पुढच्या मुलासाठी दंड पुढे केला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या हातून ट्रे पडला. तीन आठवडे ग्लिसरीनमध्ये मुरवलेले धागे, शेवटच्या अध्यायासाठीचे, फरशीवर काचेत मिसळून गेले. ते खाली बसून वेचायला लागले, पण बोटं मिटेनात आणि मिटली की उघडेनात. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ऑफिसातल्या वामनरावांनी नेमका त्याच दुपारी शेऱ्यांचा कागद फिरवला. मी आधी चहा घेतला आणि मग लिहिलं.

एकतीस मार्चला कचरूभाऊंनी कपाटाच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. कागद त्यांनी वाचलेला होता. म्हणाले, "खोटं नाई लिवलं तुमी. पकड गेली खरी." मग दाराशी थांबून म्हणाले, "पान्याचं मी पाहून घेईन. तुमचं काम अडू देनार नाई." मला वाटलं, जाता जाता माणूस काहीतरी बोलतो. मी बरं म्हटलं.

त्यांच्या जागी मंजुश्री आली. नवरा अपघातात गेलेली, कामसू, सरळ बोलणारी बाई. दहा दिवसांत कारबॉय आटला. मी तिला भट्टी लाव म्हटलं तर ती माझ्याकडे बघत राहिली.

"मॅडम, भट्टी तं जळेल हाय. कॉइलच नाई तिच्यात. कोळ्यायनं घर केलं तिथी."

मी उठून बघितलं. खरंच जाळं होतं. त्यावर धूळ होती, चांगली चार-पाच महिन्यांची.

कारबॉयच्या तळाला पेलाभर पाणी उरलेलं. मी ते परीक्षानळीत घेतलं आणि रसायनशास्त्राच्या कपाटातून ऑक्झलेटची बाटली आणली. अकरावीच्या पोराला शिकवतात ती परीक्षा आहे: पाण्यात कॅल्शियम असेल तर चार थेंबांत पांढरं गढूळ होतं. पहिल्याच थेंबाला नळी पांढरी झाली. 'कॅल्शियम नसलेलं' म्हणून मी जे पाणी चार महिने वापरलं, त्यात कॅल्शियमच कॅल्शियम होतं. शिंपला सोडत नव्हता कारण मी त्याला सोड म्हटलंच नव्हतं. शोध गेला, अध्याय गेला, चार वर्षं गेली. माझ्या अंगातून पहिल्यांदा जे उसळलं ते दुःख नव्हतं. संताप होता, आणि तो सगळाच्या सगळा कचरूभाऊंवर होता. कुठल्या डबक्यातून भरत होता हा माणूस?

मी स्कुटी काढली आणि भर उन्हात त्यांच्या गावाला निघाले. काय बोलायचं त्याची वाक्यं वाटेत जुळवत होते. चांगली धारदार झाली होती.

दारात त्यांची बायको, रुखमाबाई, सूप घेऊन बसली होती. मला बघून लगबगीने उठली. "मॅडम आल्या वो," आत हाक दिली. "या, या. पोस्ट बंद झाली म्हून काय झालं, तुमी ओळख ठेवली."

पोस्ट बंद झाली, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. मी चपला काढून ओसरीवर चढले.

ओसरीवर पाण्याचे दोन कॅन होते, निळे, वीस लिटरचे. एक अर्धा. दुसरा भरलेला, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलेला. रुखमाबाईने मला अर्ध्यातलं पाणी दिलं. मी सहज भरलेल्याकडे बघितलं तर म्हणाली, "तो कामाचा हाय. तुमच्या कालेजाचा. जीपवाल्याले सांगून पाठवनार होते, पन ह्यायले उठताच येऊन नाई राह्यलं."

मग हळूहळू सगळं कळलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरीवरून टँकर येतो. हप्त्यातून दोनदा, घरामागे एक कॅन. त्याला इथे गोड पाणी म्हणतात. तीन वर्षांपूर्वी कचरूभाऊंच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, किडनी निम्मी गेली आहे, इथून पुढे गोड पाण्याशिवाय थेंब पिऊ नका. ती चिठ्ठी त्यांनी कॉलेजात दाखवली नाही, दुखणाईत कंत्राटी माणसाला कोण ठेवतो म्हणून. आणि दिवाळीनंतर मी म्हटलं, कुठून आणता ते तुम्ही बघा. तेव्हापासून हप्त्याचा एक कॅन लुनाच्या मागे बांधून सोमवारी माझ्याकडे यायचा. उरलेला कॅन बायकोला. स्वतः ते बोअरचं प्यायले.

"मी म्हनलं, अर्धं अर्धं करू," रुखमाबाई सांगत होती. "तं म्हने, मले लहानपनापासून सवय हाय. मॅडमच्या कामाले चांगलंच पानी लागते. त्यायच्या मशीनीत खारं चालत नाई."

चांगलंच पाणी. त्या पट्ट्यात पाण्याच्या दोनच जाती, खारं आणि गोड. सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसालाही गोडच्या पुढे शुद्ध काही असतं असं वाटलं नव्हतं, आणि वाटावं तरी कसं? डोंगरातल्या त्या गोड पाण्यातही चुना असतोच. त्यानेच त्या पाण्याला चव येते. माझ्या प्रयोगाला ते विषासारखं होतं, आणि त्यांच्या किडनीला औषध. कोणाच्याच उपयोगाला आलं नाही.

आत बाजेवर कचरूभाऊ होते. चेहरा सुजलेला, रंग मातीचा. मला बघून उठायला गेले, नमस्काराला हात जोडायला गेले आणि हात अर्ध्या वाटेत मिटले. मनगट आत, चार बोटं सरळ, अंगठा तळव्यात. दोन्ही हातांचं तसंच. या वेळी पट्टाही नव्हता. ओठांची कड आपोआप उडत होती.

"पानी सरलं अशीन ना, मॅडम," ते म्हणाले. "मी म्हनलंच होतं हिले."

वाटेत जुळवलेली वाक्यं तिथेच टाकून मी जीपवाल्याला बोलवायला धावले.

जीप करून आम्ही त्यांना अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने रक्तदाबाचा पट्टा बांधला, हवा भरली आणि हात मिटताना बघितला. रक्ताचा आकडा यायची वाटही त्याने पाहिली नाही. "कॅल्शियम पार तळाला गेलंय. किडनी काम करत नाही. हे काही एका दिवसात होत नाही. महिनोन् महिने हात असा होत असणार. कोणीच बघितलं नाही?"

रुखमाबाई म्हणाली, "आमी अडानी मानसं, डॉक्टरसाहेब. आमाले काय कळते?"

डॉक्टरने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कोण?"

"कॉलेजातली," मी म्हटलं. काय शिकवते ते सांगितलं नाही.

त्यांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, अगदी सावकाश. मी खाटेपाशी उभी होते. आठ-दहा मिनिटांत अंगठा सैल झाला. मग एक बोट, मग दुसरं. तळवा उघडून चादरीवर पडला. चार वर्षं मी एका स्नायूने सोडावं म्हणून डोळे लावून बसले होते, आणि सोडताना तो असा दिसतो हे मी त्या खाटेवर बघितलं. मला मोठ्याने रडू आलं. रुखमाबाईनेच माझी पाठ चोळली.

कचरूभाऊंनी उघडलेला हात उलटासुलटा करून बघितला. म्हणाले, "मॅडम, आपला शिंपला अजून सोडत नाई ना?"

"नाही सोडत, भाऊ."

"माहं पानी बरं होतं ना?"

"तुमच्या पाण्यामुळेच सगळं झालं," मी म्हटलं. त्या वाक्यात एक शब्दही खोटा नव्हता. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

दोनदा डायलिसिस झालं. पाण्यानेच झालं असं कागदावर कोणी लिहून देणार नाही, असं डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं. सहाव्या दिवशी सकाळी कचरूभाऊ गेले. अंत्यविधीला कॉलेजातून मी आणि मंजुश्री, दोघीच होतो. वामनरावांनी सांगून पाठवलं की माणूस आता रोलवर नाही, त्यामुळे सुट्टी देता येत नाही.

प्रबंधातले ते आकडे मी मागे घेतले आणि पुन्हा मुदतवाढीचा अर्ज केला. शेषराव सर फोनवर म्हणाले, "कारणात लिहा, परिचराच्या निष्काळजीपणामुळे पाणी दूषित. म्हणजे तुमच्यावर येणार नाही, मुदतही मिळेल." मी लिहिलं, भट्टी जळाली होती, मला सांगण्यात आलं होतं, मी चौकशी केली नाही. मुदत मिळाली नाही. मग ऑफिसात जाऊन शेऱ्याचा कागद मागितला. वामनराव म्हणाले, फाइल पुढे गेली, आता काय करायचंय त्याचं? त्यांचं बरोबर होतं.

तेरावं झालं त्याच्या पुढच्या सोमवारी मी वर्गावर निघाले होते, तर प्रयोगशाळेच्या पायरीवर रुखमाबाई बसलेली. शेजारी निळा कॅन, तोंडाला धुतलेलं फडकं. जीपवाल्याने फाट्यावर सोडलं होतं. तिथून पाऊण किलोमीटर ती वीस लिटर डोक्यावर घेऊन आली होती. पदराने मान पुसत होती, आणि तिचे ओठ कोरडे, पांढरट झाले होते.

"ह्यायनं शेवटी सांगतलं होतं," ती म्हणाली. "म्हने, सोमवारी मॅडमले पानी देत जाजो. त्यायचं काम मोठं हाय. मी म्हनलं, देईन."

"मग तुम्ही घरी काय पिता?"

"टँकर आता एकदाच येऊन राह्यला, उन्हाळ्याचा. बोअरचं हाय ना. चालते मले."

दवाखान्यात मी खऱ्या शब्दांत जे खोटं बोलले होते ते एका मरणाऱ्या माणसाच्या समाधानासाठी होतं, असं मी स्वतःला रोज सांगत होते. ते इथे पायरीवर बसलं होतं, वीस लिटरचं. आणि पुढच्या सोमवारी पुन्हा येणार होतं.

मी तिच्या शेजारी बसले. "रुखमाबाई, हे पाणी माझ्या कामाचं नाही."

"काऊन? चांगलं हाय. सकाळीच भरलं."

"चांगलंच आहे. पिण्यासाठी. माझ्या कामाला ते कधीच चालणारं नव्हतं. कचरूभाऊंना माहीत नव्हतं, आणि मी कधी विचारलं नाही. त्याने माझं काम झालं नाही. सगळं बिघडलं."

तिने फडक्याची गाठ सोडली आणि आतल्या पाण्याकडे बघितलं. आत वर्गात पोरं गलका करत होती.

"मंग चार-पाच महिने ह्यायनं…" ती म्हणाली आणि थांबली. "त्यायले सांगतलं होतं तुमी?"

"नाही."

"बरं केलं."

मला वाटलं संपलं. मी उठायला लागले, तेवढ्यात तिने तशाच आवाजात विचारलं, "अन पोस्ट? जीपवाला म्हने, पोस्ट काई बंद झाली नाई. तिथी दुसरी बाई लागली. म्हने, कोनीतरी कागद लिवला ह्यायच्यावर. कोनं लिवला, मॅडम?"

दारात मंजुश्री किल्ल्या घेऊन उभी होती. तिने मान खाली घातली.

"मी," मी म्हटलं.

रुखमाबाई उठली. फडक्याची गाठ पुन्हा आवळली. चुंबळ डोक्यावर ठेवली आणि कॅन उचलायला वाकली. वीस लिटर एकटीने डोक्यावर चढवणं सोपं नसतं, दुसऱ्याने हात द्यावा लागतो. मी दोन्ही हात पुढे केले. ती थांबली, माझे हात बाजूला होईपर्यंत थांबली, आणि मग कॅन गुडघ्यावर, गुडघ्यावरून खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर घेऊन उन्हात फाट्याकडे चालू लागली.